सोलापूरच्या नवी पेठेतली इंग्लिश ग्रामरची संध्याकाळची बॅच: ॲब्स्ट्रॅक्ट नाऊनसाठी जा, नोट्ससाठी जाऊ नका

क्लासचं नाव टाकत नाहीये. खाली त्यांच्या नोट्सची चांगलीच खरडपट्टी काढलीय आणि शिकवणाऱ्या मॅडमचं मनापासून कौतुक केलंय, दोन्ही एकाच नावाला चिकटवणं बरं दिसत नाही. तसंही नवी पेठेत कपड्याच्या दुकानांच्या माडीवर असले ग्रामरचे क्लास कमी नाहीत, त्यामुळं नाव कळलं काय न कळलं काय, क्लास लावताना काय बघायचं एवढं समजलं तरी तुमचे पैसे वाचतील.

मी एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या एक्स्पोर्टचं बघणाऱ्या ऑफिसात आहे. मराठी मीडियम, आणि तेपण पाचवीत एबीसीडी गिरवलेली पिढी, पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं तोवर आम्ही पुढं गेलेलो. पॅकिंग लिस्ट, जीएसएम (कापडाचं वजन), शेड (रंगाची छटा), कंटेनर नंबर असलं सगळं इंग्रजीत झोपेतपण लिहितो. अडतं कुठं, तर समोरचा माणूस चिडलाय आणि त्याला जरा माणसासारखं काहीतरी लिहायचंय तिथं. शेड जुळला नाही, बायर तापलाय, शेठ खुर्चीमागं येऊन उभे, "लिही बे काहीतरी, लई वाईट वाटायलंय म्हणून कळव", आणि ते वाईट वाटायलंय इंग्रजीत कसं घालायचं तिथंच हात थांबतो. ऑफिसातल्या सगळ्यांचंच असंय. टॉवेलचं इंग्रजी येतं, मनातलं येत नाही. म्हणून हा क्लास लावला, पावसाळ्यात सुरू केला आणि दिवाळीच्या आत सिलॅबस संपला.

आता ॲब्स्ट्रॅक्ट नाऊन म्हटलं की शाळेत काय शिकवलेलं ते सगळ्यांना पाठ असतं. जे दिसत नाही, हाताला लागत नाही, नुसतं मनात कळतं ते नाम. मराठीच्या पुस्तकात भाववाचक नाम, गोड चं गोडवा, माणूस चं माणुसकी, मूर्ख चं मूर्खपणा, आणि इंग्रजीत हॅपी हॅपीनेस, ब्रेव्ह ब्रेव्हरी, फ्रेंड फ्रेंडशिप असा तक्ता. तक्ता पाठ, पाच मार्क खिशात, विषय संपला. बाकीच्या एकदोन क्लासचे डेमो लेक्चर बघितले तिथंपण हेच चाललेलं, फक्त स्मार्टबोर्डवर.

या मॅडमनी तक्ता काढलाच नाही. फळ्यावर एक मराठी वाक्य लिहिलं, "मला राग आला", आणि बॅचला विचारलं की आपापल्या घरी हे कसं म्हणता तसंच्या तसं सांगा. सोलापूरचा क्लास आहे, म्हणजे घरात काय बोलतात याचं उत्तर एका बेंचवर तीन निघतात. पूर्व भागातला एक पोरगा, घरी तेलुगू, तो म्हणाला "नाकु कोपं वच्चिंदी". अक्कलकोटकडची एक ताई, घरी कन्नड, ती म्हणाली "ननगे सिट्टु बंतु". मागून एकजण "मेरेकू गुस्सा आया". मॅडमनी चारही वाक्यं एकाखाली एक लिहिली आणि त्यातला राग हा शब्द खडूनं गोल केला. मग विचारलं, वाक्यात आला कोण? राग. मी आलो का? नाही, मी नुसता बसलोय, मला आलाय. चारही भाषांत राग हाच कर्ता आणि माणूस बिचारा "ला" लावून बाजूला. भीती वाटते, आनंद होतो, कंटाळा येतो, कीव येते, लाज वाटते, भूक लागते, सगळीकडं तेच, भावना उठून येते आणि आपल्याला लागते.

त्याच्या खाली पाचवं वाक्य, "आय गॉट अँग्री". इथं नामच नाही. विशेषण आहे, आणि कर्ता मी. इंग्रज माणूस बोलताना स्वतःच रागीट होतो, स्वतःच भुकेला होतो, त्याच्याकडं काही चालून येत नाही. म्हणून आपली पोरं तक्ता घोकून घोकून "आय हॅव अँगर" नाहीतर "अँगर केम टू मी" लिहितात. ग्रामरची ट्यूब पेटली नाही म्हणून नाही, तर घरातल्या चारही भाषांत वाक्य नामावर उभं असतं आणि तेच नाम उचलून इंग्रजीत ठेवतात म्हणून. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं राव. एवढी वर्षं ॲब्स्ट्रॅक्ट नाऊन बनवायला शिकलो आणि बोलताना तो बहुतेक वेळा वापरायचाच नसतो हे एका लेक्चरमध्ये कळलं.

अर्थात एका पोरानं लगेच हात वर केला की मग "आय हॅव रिस्पेक्ट फॉर यू" कसं चालतं. मॅडम चिडल्या नाहीत, उलट खूश झाल्या. रिस्पेक्ट, पेशन्स, कॉन्फिडन्स, सिंपथी, डाउट, होप ही मंडळी हॅव सोबत निवांत बसतात. अँगर, हॅपीनेस सहसा बसत नाहीत. आणि फियर मधल्यामध्ये आहे, "आय हॅव अ फियर ऑफ हाइट्स" म्हटलं की उंचीची भीती कायमची मुक्कामाला आहे असा अर्थ, पण आत्ता गच्चीच्या कठड्यावर वाकून बघताना पोटात गोळा आलाय तर "आय ॲम स्केअर्ड". आता हा फरक कुठल्या तक्त्यात मावणार?

मग तक्ता आला, पण उशिरा आणि कारणासकट. मला नेहमी वाटायचं की कुठं नेस, कुठं इटी, कुठं डम, हे कुणीतरी चिठ्ठ्या टाकून ठरवलंय. तर असंय की नेस हे इंग्रजीचं घरचं शेपूट, सॅडनेस, काइंडनेस, लोनलीनेस, जवळपास कुठल्याही विशेषणाला लागतं. फ्रीडम, विज्डम मधलं डम आणि स्ट्रेंग्थ, ट्रुथ मधलं थ पण घरचंच. इटी, अन्स, मेंट वगैरे पाहुणे, १०६६ ला फ्रान्सकडच्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंचमधून शब्द आले आणि त्यांच्याबरोबर ही शेपटंपण आली. त्यामुळं क्युरिऑसिटी, अँग्झायटी, पेशन्स, डिसपॉइंटमेंट असले जरा जड, ऑफिसात शोभणारे शब्द बहुतेक त्या घराण्यातले. म्हणून तर काइंडनेस घरातलं वाटतं आणि जेनेरॉसिटी सत्कार समारंभातलं.

दुसरी गोष्ट वायची. अँग्री, हंग्री, गिल्टी, यांच्यात नाम आधीचं आहे. अँगर, हंगर, गिल्ट हे आधी होते, वाय लागून विशेषण झालं, म्हणून परत नामाकडं जायचं तर नवीन शेपूट लावायचं नाही, वाय काढायचा आणि मोकळं व्हायचं. (अँगर हा शब्द इंग्रजीत उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेतून आलाय आणि तिकडं त्याचा अर्थ दुःख, क्लेश असा होता म्हणे, राग नंतर झाला.) मग हॅपी चं काय? त्यातला हॅप म्हणजे नशीब, पण तो शब्द आता वापरात राहिला नाही, त्यामुळं वाय काढून खाली काही उरतच नाही, म्हणून हॅपीनेस असं लांबड लावावं लागतं. प्राउड प्राइड, ग्रीव्ह ग्रीफ, हेट हेट्रेड असले वेडेवाकडे आहेत ते पाठच करायचे, तिथं मॅडमपण म्हणाल्या की याला इलाज नाही.

प्रेपोझिशनवाला भाग परीक्षावाल्यांसाठी सोनं आहे. विशेषणाला एक आणि त्याच्याच नामाला दुसरं. प्राउड ऑफ पण प्राइड इन. फाँड ऑफ पण फाँडनेस फॉर. एमपीएससीवाली पोरं इथं धडाधड लिहून घेत होती. हा भाग मात्र मॅडमनी जरा पळवलाच, अजून एक लेक्चर दिलं असतं तर बरं झालं असतं. बोअर्ड आणि बोअरिंगचं तर दहा मिनिटांत उरकलं, तेवढं पुरेसं होतं म्हणा, "आय ॲम बोअरिंग" म्हणजे मी रटाळ माणूस आहे एवढं एकदा कळलं की परत कोण म्हणतंय.

आर्टिकलचं मात्र निवांत घेतलं आणि ते माझ्या कामाचं निघालं. "ऑनेस्टी इज द बेस्ट पॉलिसी", ऑनेस्टीच्या आधी द नाही, कारण जगातल्या सगळ्याच प्रामाणिकपणाबद्दल बोलतोय. एखाद्याच्या ठराविक प्रामाणिकपणाबद्दल बोलायचं तर द येतो. इथवर शाळेतलंच. पण अ चं काय? अ प्लेजर, अ रिलीफ, अ सरप्राइज, अ पिटी, अ शेम हे चालतं आणि अ हॅपीनेस, अ लक, अ फन चालत नाही. आणि अ लागला की कधीकधी अर्थच सरकतो.

शेमचं उदाहरण आमच्या ऑफिसात घडलेलं. बायरचा मेल आला, त्यात होतं "इट्स अ शेम द टॉवेल्स मिस्ड द सेल". शेठनी वाचलं आणि भडकलेच, म्हणाले आपली लाज काढतोय, एवढी वर्षं माल देतोय आपण याला, मी आता याला दाखवतो. कडक उत्तर टाइप होऊन तयार, नशीब तेवढ्यात लाइट गेली आणि नेट बंद. मी क्लासमध्ये मॅडमना ते वाक्य दाखवलं तर त्या हसायलाच लागल्या. इट्स अ शेम म्हणजे अरेरे, वाईट झालं, हळहळ. लाज काढायची असती तर शेम ऑन यू लिहिलं असतं. म्हणजे तो बिचारा सेल हुकल्याची हळहळ करत होता आणि इकडं आमच्याकडं युद्धाची तयारी. दुसऱ्या दिवशी शेठना समजावलं, त्यांनी थोडा वेळ माझ्याकडं संशयानं बघितलं आणि मग मेल मवाळ केला. माझ्या हिशोबानं क्लासची फी तिथंच वसूल.

शेवटच्या आठवड्यातलं ऑफिसच्या इंग्रजीवरचं लेक्चर सगळ्यात भारी होतं आणि मी हा रिव्ह्यू लिहायला बसलो तो मेन त्याच्यासाठी. मॅडम म्हणाल्या, बोलताना विशेषण असतं ते ठीक, मग एवढी ॲब्स्ट्रॅक्ट नामं जातात कुठं? ती जातात कागदावर. समोर कप फुटला तर "आय ॲम सो सॉरी", आणि कंटेनर लेट झाला तर "प्लीज ॲक्सेप्ट अवर अपॉलॉजीज फॉर द डिले". पहिल्यात मी आहे, दुसऱ्यात मी कुठंच नाही, अपॉलॉजी आहे आणि डिले आहे, दोन नामं एकमेकांकडं बघत उभी आहेत. रेल्वे स्टेशनवरची अनाउन्समेंट आठवा, "द इनकन्व्हिनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड". खेद आहे, खोल आहे, पण कुणाला आहे ते बाई शेवटपर्यंत सांगत नाही. नाम वापरलं आणि वर पॅसिव्ह लावला की माणूस वाक्यातून बाहेर. कोर्ट, कंपनी, सरकार, सगळ्यांना म्हणूनच नामं आवडतात. आणि गंमत बघा, आपण मराठीतून तेच तर करत आलोय, राग आला, चूक झाली, उशीर झाला, आपण कुठंच नाही. त्यामुळं ऑफिशियल इंग्रजी आपल्याला जमायला हवं खरं तर, अडचण येते ती साध्या बोलण्यातल्या इंग्रजीत.

यावर बॅचमध्ये बराच वाद झाला. बँकेतले एक काका म्हणाले मॅडम, अंग काढून घ्यायलाच तर पगार देतात आम्हाला. मॅडमचं म्हणणं, घ्या की काढून, पण कधी काढताय ते तरी माहीत असू द्या. ज्या बायरला पंधरा वर्षं ओळखता त्याला "वी रिग्रेट एनी इनकन्व्हिनियन्स" लिहिलं तर त्याला वाटणार यानं छापील मेल चिकटवला. तिथं "आय ॲम रिअली सॉरी अबाउट द शेड" असं सरळ लिहा. आणि वकिलाची नोटीस आली असेल तर खुशाल नामांच्या मागं लपा. मला तरी हे पटलं, मी आता जुन्या बायरला सॉरीच लिहितो आणि नव्याला अपॉलॉजीज. असल्या मेलमध्ये अपॉलॉजीज सहसा अनेकवचनीच लिहितात बरं का, कितीही छोटी चूक असली तरी. आणि पेशन्स कायम एकवचनी. आमच्यातल्या एकानं "थँक यू फॉर युअर पेशंट्स" असं स्पेलिंग टाकून मेल पाठवलेला, बायर टॉवेल घेतो, दवाखाना चालवत नाही. स्पेलचेकला असलं सापडत नाही, शब्द दोन्ही बरोबरच असतात ना.

हे झालं कौतुक. आता बाकीचं.

नोट्स. स्पायरल बाइंडिंगच्या झेरॉक्स, वेगळे पैसे घेतात, आणि मॅडमच्या शिकवण्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही. कुठून तरी उचललेले तक्तेच्या तक्ते. वाक्य नाही, उदाहरण नाही, भाकरी न देता पानभर नुसती शेंगा चटणी वाढल्यासारखं. बरं तक्ते तरी बरोबर असावेत, तर हेट चं नाम "हेटनेस" छापलंय, ॲडव्हाइसचं अनेकवचन करून ठेवलंय, इन्फर्मेशनचंपण. मॅडमनी स्वतः वर्गात उभं राहून ती पानं खोडायला लावली, तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. नोट्स क्लासचे मालक छापतात, मॅडमच्या हातात नाही असं कळलं. घेऊच नका, वही करा.

टेस्टपण तशाच. सगळे चार पर्यायवाले प्रश्न, खालीलपैकी ॲब्स्ट्रॅक्ट नाऊन ओळखा. एवढं वाक्यातून शिकवल्यावर परीक्षा शब्दाची. भरतीवाल्या पोरांना तेच पाहिजे असतं हे मान्य, त्यांच्या पेपरात तसंच येतं, पण आमच्यासारख्या नोकरीवाल्यांना एखादा मेल लिहायला लावा, परिच्छेद लिहायला लावा. एकाच बॅचमध्ये एमपीएससी, पोलीस भरती, बँकवाले काका, टॉवेलवाले आणि एक बाळाला झोपवून येणाऱ्या ताई असे सगळे कोंबल्यावर कुणाचंच धड होत नाही. बाकं अपुरी पडतात, उशीर झाला की भिंतीला टेकून उभं राहून लिहा. इन्व्हर्टरवर एक ट्यूब चालते, फॅन नाही. पावसाळ्यात निभावलं, एप्रिल-मेमध्ये सोलापूरच्या उन्हाळ्यात त्या माडीवर काय होत असेल देव जाणे, मी तरी तेव्हा जाणार नाही.

ॲडमिशनला टेबलावर बसलेला पोरगा "स्पोकनपण होतंय सर याच्यातच" म्हणून सांगतो. होत नाही. तोंड उघडायला संधी मिळते ती फक्त शंका विचारताना. लेक्चर चुकलं तर रेकॉर्डिंग नाही, ग्रुपवर फळ्याचा फोटो टाकतात तोपण कुणीतरी मागितल्यावर, आणि तो फोटो सुविचारांच्या आणि वाढदिवसाच्या मेसेजमध्ये शोधत बसावा लागतो. पार्किंगबद्दल नवी पेठेत काय बोलायचं, गाडी पार्क चौकाकडं लावून चालत येतो मी.

फी बाकीच्यांपेक्षा थोडी जास्त आहे, दोन हप्त्यांत घेतात, परत मिळत नाही. मॅडमना पाचपैकी पाच, नोट्सला शून्य, जागेला दोन, एकूण साडेतीन स्टार.

परीक्षेसाठीच जाणार असाल तर प्रेपोझिशन आणि आर्टिकलचे आठवडे सोडून बाकी घरी बसूनपण होईल. नोकरीत इंग्रजी मेल लिहावे लागतात त्यांनी जरूर जा, पुढं बसा आणि स्वतःच्या ऑफिसातली अडलेली वाक्यं घेऊन जा, मॅडम लेक्चर संपल्यावर थांबून बघून देतात, फक्त पार्टीचं नाव खोडून न्या. तेलुगू, कन्नड घरातल्यांनी तर मुद्दाम जा, आपल्या भाषेकडं इंग्रजीच्या क्लासमध्ये कुणी एवढं बघत नाही.

पुढची बॅच जानेवारीत आहे म्हणतात. तेव्हा घाई करू नका, संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा लागली की निम्मी बॅच होम मैदानावर असते, लेक्चर बुडतात आणि ते भरून देत नाहीत. गड्डा उरकल्यावर चौकशी करा, आणि पहिला हप्ता देण्याआधी टेबलावरच्या पोराला स्पष्ट विचारा की संध्याकाळच्या बॅचला मॅडमच आहेत का, कारण सकाळी दुसरे सर असतात आणि ते नोट्समधूनच शिकवतात.